जुनेर, दंड आणि गोधडी

नव्या कापडाला आपण नवे कापड म्हणतो आणि तेथेच थांबतो. ते जुने झाले की मात्र मराठी भाषा एकदम बोलकी होते. जुनेर, धडपा, धडुते, चिरगूट, लक्तर, पटकूर, फडके, चिंधी, बोळा, पोतेरे. शब्दकोशात हे शब्द एकमेकांचे अर्थ सांगण्यासाठी वापरलेले दिसतात. पण ज्या घरांत ते रोज तोंडी होते तेथे ते समानार्थी नव्हते. जुनेर म्हणजे नेसून नेसून विरलेले, तरीही अंगाला लावता येईल असे लुगडे. फडक्यात भाकरी बांधता येत असे. पोतेऱ्यात ती बांधण्याची कल्पनाही कोणी केली नसती. कापड ह्या पायऱ्या एकेक करून उतरत असे आणि प्रत्येक पायरीवर त्याला वेगळे नाव व वेगळे काम मिळत असे.

आज जुन्या कपड्यांना नवे रूप देणे ही एक हौस समजली जाते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'टाकाऊतून टिकाऊ' ह्या सदराखाली जुन्या जीन्सच्या पिशव्या आणि साड्यांचे पडदे कसे करावेत ह्याची माहिती येते. ती वाचताना असे वाटते की मनात आणले आणि हातात कात्री घेतली की झाले. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. कापडाला दुसरे आयुष्य मिळेल की नाही हे आपल्या इच्छेच्या आधी त्या कापडाच्या धाग्याने आणि त्याच्या बेतण्याने ठरवलेले असते. हे मला एक गोधडी उसवताना कळले. त्या गोधडीकडे वळण्यापूर्वी लुगड्याविषयी थोडे सांगावयास हवे.

नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे, न कापलेले, न शिवलेले एक सलग कापड. ते सगळीकडे सारखे झिजत नाही. काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, पदराची आणि आतल्या टोकाची बाजू बराच काळ धड राहते. म्हणून आपल्याकडे दंड घालण्याची रीत पडली. विरलेला मधला भाग काढून टाकायचा आणि धड राहिलेली दोन टोके एकमेकांना जोडायची. कधी दोन वेगवेगळ्या लुगड्यांचे धड भाग जोडून एक लुगडे करीत. दंडाची शिवण निऱ्यांत लपेल अशा बेताने नेसणे हेही एक कसब होते. दंड घातलेले लुगडे घरात आणि शेतात चाले, कार्याला जाताना मात्र शेजारणीकडून चांगले मागून नेसावे लागे.

दंडाचे लुगडेही विरले की त्यातून मुलीचा परकर निघे, बाळाची झबली, टोपडी, कुंची निघत. तान्ह्या मुलाला नवे कापड घालू नये, म्हाताऱ्या माणसाच्या जुनेराचे घालावे, अशी समजूत होती. आजीचे आयुष्य नातवाला लाभावे हा त्यातला भाव. पण त्यामागे साधे व्यवहारज्ञानही आहे. नव्या सुती कापडाला खळ असते आणि ते तान्ह्या कातडीला बोचते. शेकडो वेळा धुतलेले सूत मऊ होते आणि पाणीही चांगले टिपते. बाळोत्याला ह्यापेक्षा योग्य कापड बाजारात मिळणे कठीण होते. धोतराचेही तसेच. चक्का बांधायला नवा पंचा कोणी घेत नसे. विरलेल्या धोतराचे फडके घेत, कारण त्यातून पाणी सहज गळते. आणखी खाली उतरले की डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ, देवापुढचा काकडा आणि शेवटी चुलीजवळचे पोतेरे. पोतेरे उकिरड्यावर जाई आणि तेथे त्याचे खत होई. कपाशीच्या शेतातून निघालेली वस्तू एखाद्या शेतातच परत जात असे.

आता गोधडी. माझ्या आजीची एक वाकळ वरून फाटली होती आणि ती नव्याने शिवायची म्हणून आम्ही दोघी तिचे टाके उसवू लागलो. मी वही घेऊन बसले होते, कारण आमच्या समाजशास्त्राच्या सरांनी घरातील एखाद्या वस्तूचा अभ्यास करून लिहायला सांगितले होते. वरचे आवरण बारीक फुलांच्या छापील सुती पातळाचे होते. ते मी लहानपणी आजीच्या अंगावर पाहिलेले होते. त्याखाली आजोबांची दोन धोतरे, पाठीकडून पार जाळी झालेली. त्याखाली खाकी हाफपँटचे तुकडे निघाले, शिवणी काढून सपाट केलेले. खिसा जेथे होता तेथे कापड अजून गडद होते. बाकीचे उन्हाने आणि धुण्याने फिके पडलेले. वडिलांच्या शाळेच्या दोन पँटी त्या गडद चौकोनांवरून ओळखता आल्या. मग हिरवे लुगडे आले. ते आजीने बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून मिळालेल्या मजुरीतून घेतले होते. ती साल सांगत नव्हती, काम सांगत होती: "खडीवर होते तवाचं हाय ते." एक इरकली काठाचा पट्टा आला, त्याचे बाकीचे लुगडे कोठे गेले ते तिलाही आठवेना. आणि सर्वांत आत, मधोमध, आणखी एक गोधडी निघाली. लहान, दडस, दाट टाक्यांची. मी तिलाही कात्री लावणार तोच आजीने हात धरला. "ती उसवू नगंस. आतला टाका आत्याबाईंचा हाय." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. त्यांना जाऊन साठ वर्षे होऊन गेली आहेत.

जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात घालणे ही आमच्याच घरची रीत नाही. गावातील बहुतेक घरांत ती आढळते, आणि त्यामागचे कारण भावनेपेक्षा उबेचे आहे. ऊब कापडात नसते, थरांमध्ये अडकून राहिलेल्या स्थिर हवेत असते. एका जाड कापडापेक्षा सात-आठ पातळ थर अधिक ऊब देतात, आणि विरलेले कापड हेच सर्वांत पातळ व मऊ कापड. म्हणजे जे कापड दुसऱ्या कोणत्याही कामाला नालायक ठरले तेच ह्या कामाला सर्वांत लायक ठरते. पण विरलेल्या कापडाला ताण सोसत नाही. त्यासाठी धावदोरा. बोटभर अंतरावर शिवणीच्या ओळी घातल्या की कोणताही थर एकटा ओढला जात नाही. एक फाटला तरी शेजारचे त्याला धरून ठेवतात. शिवण कडेपासून सुरू होते आणि चौकोना-चौकोनाने आत सरकते. कडांवर पाटा-वरवंट्यासारखे वजन ठेवून थर जमिनीवर ताणून घेतात, नाहीतर गोधडीला पोट सुटते. हा शब्द आजीचाच. शेतीची कामे कमी असतात तेव्हा, चैत्र-वैशाखात, ओसरीवर बसून दोघीतिघी मिळून हे काम करीत. मग नवरात्राच्या आधी नदीवर किंवा विहिरीवर गोधड्या धुण्याचा मोठा सोहळा. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही, हे ज्यांनी उचलली आहे त्यांनाच ठाऊक.

ह्या सगळ्यात काव्य शोधण्याचा मोह होतो. मी आजीला विचारलेही की रंगांची जुळणी ती हौसेने करीत असे का. ती म्हणाली, "हौस कसली गं? थंडीत पोरं कशात गुंडाळायची हुती?" दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ साली सरकारने कापडावर नियंत्रण आणले आणि 'कंट्रोलचे कापड' हा शब्द घरोघर पोचला. तिच्या सासूची वाकळ त्याच सुमाराची असावी. गरज, टंचाई आणि बायकांचे बिनमोल गणले गेलेले तास ह्यांतून ही वस्तू झाली. तरीसुद्धा त्या आतल्या गोधडीच्या एका कोपऱ्यात लाल चिंधीचा त्रिकोण बसवलेला होता आणि त्याचा उबेशी काही संबंध नव्हता. आजीला तो मी दाखवला. तिने बोट फिरवून पाहिले, बोलली काही नाही.

गोधडीची भावंडे इतर प्रांतांतही आहेत. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर घालून कांथा करीत आणि शिवायचा दोराही त्याच साड्यांच्या काठांतून ओढून काढीत. त्या धावदोऱ्यातून हत्ती, मासे, कमळे उमटत. आपल्या अधिक जवळचे नाते उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीचे आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागांतील हा मूळचा आफ्रिकी समाज कोकणी-मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतो. कवंदीही कडेपासून आत शिवत जातात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोण बसवतात. त्यांना 'फुला' म्हणतात. आमच्या वाकळीतल्या लाल त्रिकोणाला आजीकडे नाव नव्हते. ते नाव मला तिकडे सापडले, असे मी मानते.

जे घरात खपत नसे ते बोहारणीकडे जाई. बोहारीण हे मराठी कथा-कादंबऱ्यांतील विनोदाचे आवडते पात्र आहे, पण कापडाची तिच्याइतकी पारख मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिली नाही. ती कपडा उजेडासमोर धरते, दोन्ही अंगठ्यांनी आडवा ताणून पाहते, शिवणीत बोट घालते, जर असेल तर ती खरी आहे का ते बघते, आणि मग एका डब्याऐवजी पातेल्याचे झाकण पुढे करते. मुंबई-पुण्यात हा धंदा मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातील बायका करीत आल्या आहेत. डोक्यावर बोचके घेऊन दारोदार हिंडायचे, जमलेले कपडे धुवून, शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकायचे, अशी ही साखळी. ह्या व्यवहारात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तेथे घासाघीस होते, म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात. बोहारीण उपकार घेत नाही आणि आपणही करीत नाही.

कारण जुन्या कपड्याचे दुसरे आयुष्य नेहमी असे सरळ नव्हते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे कोणती असावीत तर मेलेल्यांची, असे सांगितले आहे. गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारांचा हक्क म्हणून चालत आला. हक्क हा शब्द येथे किती क्रूर आहे! डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच वेळी जमलेल्या स्त्रियांशी बोलताना त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा प्रश्न काढला. अस्पृश्यतेची खूण सांगणारे नेसणे आणि दागिने टाकून द्या, असा त्यांचा सांगावा होता. कापड अंगावरच्या माणसाची ओळख सांगते, हे ज्यांना उतरलेले कपडेच दिले जात त्यांच्याइतके कोणी जाणले नसेल. आपण कपाट आवरतो आणि सगळा ढीग कामवाल्या बाईंच्या पुढ्यात ठेवून मोकळे होतो, तेव्हा ह्या इतिहासाचा एक धागा आपल्या हातात असतो. "बघा, तुम्हाला ह्यातले काही हवे आहे का?" असे विचारणे आणि नको म्हणण्याची मोकळीक ठेवणे, एवढ्यानेही फरक पडतो.

आता आपल्या कपाटांकडे येऊ. येथे प्रश्न विरलेल्या कपड्यांचा नाही. आमच्या पिढीचे कपडे विरतच नाहीत, ते नुसते घालायचे राहून जातात. माझ्या कपाटात असे नऊ पोशाख निघाले. त्यांतील दोन सुती. बाकीच्या सातांच्या आतल्या पट्टीवर पॉलिएस्टर किंवा त्याचे मिश्रण असे लिहिलेले. ह्या धाग्याचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन ह्यांनी लावला. पुढे टेरिलीन आणि टेरिकॉट ह्या नावांनी तो आपल्याकडे आला तेव्हा लोकांनी त्याचे कौतुकच केले, आणि ते योग्यच होते: लवकर वाळते, चुरगळत नाही, वर्षानुवर्षे टिकते. ज्या बाईला दंड घालत बसावे लागे तिला ह्या कापडाने सुटका दिली, हे विसरून चालणार नाही. पण त्याच गुणांमुळे त्याचे उतरत्या पायऱ्यांचे आयुष्य संपले. सामान्य हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओल धरतो, पॉलिएस्टर अवघी ०.४ टक्के. म्हणून ते घाम टिपत नाही, बाळोत्याला चालत नाही, फडके म्हणून फरशीवर फिरवले तर पाणी इकडून तिकडे ढकलते. त्याचा काकडा करू नये. तो जळताना वितळून ठिबकतो आणि ते थेंब चिकटून भाजते. उकिरड्यात ते कुजत नाही.

पट्टी नसेल तर कापड ओळखण्याची एक सोपी रीत आहे. शिवणीच्या आतून दोन-चार धागे काढावेत, चिमट्यात धरून पाण्याच्या भांड्यावर पेटवावेत. सूत कागदासारखे जळते, वासही कागदाचा येतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याची टणक गुठळी होते. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखे वासतात. मिश्र धाग्यात राखही मिळते आणि गुठळीही.

धाग्याइतकाच बेतण्याचा प्रश्न आहे. लुगडे, धोतर, पंचा ही आयताकृती कापडे. त्यांतून दुसरा आयत काढणे सोपे. आजचा कुडता किंवा झगा वळणावळणाने कापलेला असतो आणि उसवल्यावर हातात तिरके, निमुळते तुकडे येतात. वडिलांच्या हाफपँटी गोधडीत बसवायला आजीला शिवणी काढून त्या सपाट कराव्या लागल्या होत्या. माझ्या एका झग्याला तेवीस तुकडे होते. मी मोजले.

हे तुकडे शहरांतून कोठे जातात? काही पानिपतला. तेथे जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्याचा मोठा उद्योग आहे. ही रीत बेंजामिन लॉ ह्या गृहस्थाने १८१३ साली यॉर्कशरमधील बॅटली येथे काढली. त्या कापडाला शॉडी म्हणतात. थंड देशांतील टाकलेले कोट-स्वेटर येतात. ते तसेच विकले जाऊ नयेत म्हणून त्यांवर काप देण्याचा नियम आहे. बटणे आणि चेन काढतात, रंगांनुसार ढीग लावतात म्हणजे नव्याने रंगवावे लागत नाही, आणि यंत्रात कपडा ओरबाडून त्याचा पिंजलेला कापूस व्हावा तशी लोकर करतात. ओरबाडताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून सूत जाडेभरडे निघते आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे होतात. सुती चिंध्यांना आणखी एक वाट आहे, कागदाची. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद केला. मिश्र धाग्याला ह्या दोन्ही वाटा अवघड. कापूस आणि पॉलिएस्टर एकदा एकत्र कातले की त्यांना वेगळे करणे फार खर्चाचे.

राहता राहिले दान. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले आणि बरेचसे रस्त्याकडेला तसेच राहिले, कारण तेथे कोण राहते आणि काय नेसते हे पाठवणाऱ्यांनी पाहिले नव्हते. अंशू गुप्ता ह्यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या 'गूंज' ह्या संस्थेने त्यांतील कपडे गोळा करून निवडले. ह्या संस्थेची पद्धत मला बोहारणीच्या जवळची वाटते: गावाने आपला रस्ता, विहीर, बांध स्वतः दुरुस्त करावा आणि त्या श्रमाबद्दल कपडे घ्यावेत. उरलेल्या सुती कापडाच्या ते मासिक पाळीसाठी घड्या करतात. गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ज्यांच्या घरी जुन्या रेशमी साड्या पडून आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. न नेसलेली साडीही कपाटात झिजते. घडीच्या रेषेवर रेशीम आणि जर दोन्ही तुटतात, म्हणून तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घालावी, मऊ सुती कापडात गुंडाळावी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. अंग फाटले पण काठ-पदर धड असतील तर ते काढून दुसऱ्या साडीला लावता येतात. धड पैठणीला मात्र जाकिटासाठी कात्री लावू नये असे मला ठामपणे वाटते. आधी रफूगराला दाखवावी.

आमची वाकळ पुन्हा शिवून झाली. आत्याबाईंची गोधडी मधोमध तशीच ठेवली, तिच्याभोवती धोतरे आणि हिरवे लुगडे, आणि वरून माझ्या दोन सुती ओढण्या. तिसरी, जांभळी ओढणी मला फार आवडायची म्हणून मी तीही पुढे केली होती. आजीने ती थरांवर पसरली, हाताने चाचपली, दोन टाके घातले आणि काढून माझ्याकडे परत दिली. "ही सरकती गं. हिला टाका धरत न्हाई." ती ओढणी मी सायकल पुसायला घेतली आहे. पावसाळ्यात सीटवरचे पाणी ती टिपत नाही, नुसते पसरवते.